तीन बस एकदम का येतात, आणि हे कुठं शिकवतात?

मेट्रोचा नवा टप्पा सुरू झाल्याची बातमी येते तेव्हा तिच्यात कोटींचा आकडा असतो, किलोमीटर असतात, स्थानकांची यादी असते आणि फीत कापणाऱ्यांची नावं तर असतातच. गाडी दर किती मिनिटांनी येणार, हे मात्र एका ओळीत उरकलेलं असतं. तो मिनिटांचा आकडा कशावरून ठरला आणि ठरवणारा माणूस हे कुठं शिकला, असं कुणी विचारत नाही. अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप फेऱ्या सुरू असताना एखाद्या पालकाला सांगून पाहा की शहरी वाहतूक हाही शिक्षणाचा विषय आहे. ‘म्हणजे सिव्हिलच ना? रस्ते, उड्डाणपूल?’ हे उत्तर ठरलेलं.

ते अगदीच चूक नाही. आपल्याकडे हा विषय सिव्हिलच्याच घरात वाढला. पदवीला त्याचा एखाददुसरा पेपर असतो आणि प्रात्यक्षिकांत मुलं खडीची ताकद मोजतात, डांबरात सुई किती रुतते ते बघतात, मार्शल टेस्टसाठी डांबरी मिश्रणाचे नमुने दाबून फोडतात. रस्ता टिकायचा तर हे हवंच. पण त्या रस्त्यावरून माणसं कशी जाणार याचं विज्ञान निराळं आहे. त्यात डांबर नाही. संभाव्यता आहे, थोडं अर्थशास्त्र आहे आणि माणसाचा स्वभाव आहे. त्यातलं माझं सगळ्यात लाडकं प्रकरण बसथांब्यावरचं आहे.

अर्धा तास बस नाही, आणि आल्या की एकाच नंबरच्या तीन. ही तक्रार मुंबईत बेस्टच्या थांब्यावर ऐकू येते तशी पुण्यात पीएमपीच्याही. तिच्यावरचं निदानही सगळीकडे एकच: चालक-वाहक आगारात चहा पीत बसले असतील आणि मग मिळून निघाले असतील. आता समजा, सगळे चालक अगदी घड्याळाच्या काट्यावर निघाले, कुणी चहा प्यायला नाही, कुणी रेंगाळलं नाही. तरीही मधे कुणी आवरलं नाही तर बस एकमेकींना गाठणारच. गॉर्डन न्यूएल आणि रेन्फ्रे पॉट्स या दोघांनी १९६४ मध्ये हे गणितानं दाखवलं. न्यूएलचं शिक्षण भौतिकशास्त्रातलं. पॉट्स गणितज्ञ. चुंबकत्वाच्या अभ्यासात वापरलं जाणारं ‘पॉट्स प्रारूप’ याच पॉट्सचं.

गर्दीची वेळ आहे. बस दर १० मिनिटांनी सुटते. प्रत्येक थांब्यावर मिनिटाला २ माणसं येतात, म्हणजे बस येईपर्यंत २० माणसं जमतात. एकाला चढायला ३ सेकंद लागले तर २० जणांना १ मिनिट. उतरणारे दुसऱ्या दारानं त्याच वेळात उतरतात असं धरू. वेळापत्रक करणाऱ्यानं हे मिनिट हिशोबात धरलेलं आहे, तेव्हा सगळं आलबेल आहे.

आता एक बस सिग्नलला अडकली आणि १ मिनिट उशिरानं थांब्यावरून निघाली. पुढच्या थांब्यावर ती पोचेपर्यंत तिथं २० ऐवजी २२ माणसं झालेली. त्या दोघांना चढायला ६ सेकंद जास्त. त्या ६ सेकंदांत आणखी कुणीतरी पळत येतं, त्याचाही वेळ धरा. म्हणजे उशीर वाढला. पुढच्या थांब्यावर तो आणखी वाढतो. उशीर झाला म्हणून गर्दी आणि गर्दी झाली म्हणून उशीर. मागच्या बसचं नेमकं उलटं. ती वेळेवर आहे, पण पुढची बस नुकतीच गेल्यामुळं तिच्यासाठी थांब्यावर माणसं कमी. त्यांचं चढणं लवकर आटोपतं, वाहक लवकर डबल बेल देतो आणि ती वेळेच्या पुढं धावू लागते. पुढची बस खचाखच आणि मागची रिकामी, हे दृश्य त्यातूनच येतं.

किती थांब्यांत गाठ पडेल? एक संख्या घेऊ, तिला क म्हणू. क म्हणजे दर सेकंदाला थांब्यावर येणारी माणसं गुणिले एका माणसाला चढायला लागणारे सेकंद. आपल्या उदाहरणात मिनिटाला २ माणसं आणि ३ सेकंद, म्हणून क = ०.१. अडकलेल्या बसच्या पुढची बस वेळेवर असेल, तर अडकलेल्या बसचा उशीर प्रत्येक थांब्यावर १ ÷ (१ − क) पटीनं वाढतो, म्हणजे इथं १.११ पट. पट लहान वाटते, पण ती चक्रवाढ आहे. दहाव्या थांब्यावर १ मिनिटाचे जवळजवळ ३ झालेले असतात. मागची बस तोवर ३ मिनिटांहून थोडी जास्तच पुढं सरकलेली असते, कारण तिच्या बाबतीत पुढच्या बसचा वाढता उशीरही प्रत्येक थांब्यावर भर घालतो. १० मिनिटांचं अंतर ४ मिनिटांवर आलं. तेराव्या थांब्यावर ते अर्ध्या मिनिटाच्या आत येतं आणि चौदाव्यापर्यंत बस बसला टेकते. एका सिग्नलचं एक मिनिट, बाकी कुणाचाही दोष नाही.

दोष नाही म्हणजे इलाज नाही असं नव्हे. क कमी करणं हा एक इलाज. चढायला ३ ऐवजी २ सेकंद लागले तर तीच गाठ चौदाव्याऐवजी एकविसाव्या थांब्यावर पडते, आणि एवढे थांबे अनेक मार्गांवर नसतातच. चालकच तिकीट देतो अशा शहरांत म्हणून तिकीट आधीच काढून घ्यायला लावतात. आपल्याकडे वाहक आत फिरून तिकीट देतो, त्यामुळं चढण्याचा वेळ दाराच्या रुंदीवर आणि पायरीच्या उंचीवर ठरतो. लो-फ्लोअर बस म्हातारीकोतारी माणसांसाठी सोयीची, हे सगळेच सांगतात. ती वेळापत्रकालाही सावरते, हे फारसं कुणी सांगत नाही. दुसरा इलाज म्हणजे मार्गातल्या ठरावीक थांब्यांवर पुढं धावणाऱ्या बसला रोखून धरणं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या कार्लोस डगान्झोनं २००९ मध्ये यासाठी असा नियम मांडला की बसनं वेळापत्रकाकडं न बघता पुढच्या बसपासूनच्या अंतराकडं बघावं आणि त्याप्रमाणे थांबावं. जीपीएसमुळं हे आता जमण्याजोगं आहे. अडचण तांत्रिक कमी आणि मानवी जास्त: बस रिकाम्या रस्त्यावर मिनिटभर उभी राहिली की आतून ‘अहो, चला की आता’ सुरू होतं.

इथं वाचक जरा दमला असेल, पण एक गंमत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. तीन-तीन बस एकदम येत असल्या तरी तासाला सहा बस येतच असतात. कार्यालयातला अहवाल म्हणतो ‘दर १० मिनिटांनी बस’, आणि तो खोटा नसतो. बस समान अंतरानं आल्या तर प्रवासी सरासरी ५ मिनिटं थांबतो. तीन मिळून दर अर्ध्या तासानं आल्या तर १५ मिनिटं. बस तेवढ्याच, डिझेल तेवढंच, पगार तेवढेच, थांबणं तिप्पट. सूत्र हवं असेल तर: सरासरी थांबणं = (सरासरी अंतर ÷ २) × (१ + विचलन गुणांकाचा वर्ग). विचलन गुणांक म्हणजे दोन बसमधलं अंतर सरासरीच्या मानानं किती कमीजास्त होतं त्याचं माप. नव्या बस न घेताही सेवा सुधारते किंवा बिघडते, ती या वर्गामुळं.

उशिराच्या त्या १ ÷ (१ − क) मधलं, छेदातलं ‘एक वजा काहीतरी’ या विषयात पुन्हा पुन्हा भेटतं. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतल्या वेबस्टरनं १९५८ मध्ये सिग्नलच्या एका पूर्ण फेरीसाठी सूत्र दिलं: (१.५ × वाया जाणारे सेकंद + ५) ÷ (१ − य). य म्हणजे चौकावर पडलेला भार चौकाच्या क्षमतेच्या किती भाग आहे ते. फेरीत १२ सेकंद वाया जात असतील आणि य ०.८ असेल तर फेरी ११५ सेकंदांची. य ०.९ झाला की २३०. य १ ला पोचला की सूत्रच हात टेकतं. हल्ली एआयवर चालणारे सिग्नल कोंडी फोडणार अशा बातम्या येतात. चांगला सिग्नल वाया जाणारे सेकंद वाचवतो, हिरवा दिवा रिकाम्या बाजूला देत नाही, हे खरं. पण क्षमतेपेक्षा जास्त गाड्या आल्या तर खांबावर एआय लावा नाहीतर लिंबू-मिरची, छेदाला फरक पडत नाही.

गाड्या जास्त का येतात, याचंही शास्त्र आहे. माणूस बस, दुचाकी, रेल्वे यांतलं काय निवडेल याचा अंदाज बांधण्याची रीत डॅनियल मॅकफॅडन या अर्थशास्त्रज्ञानं घडवली आणि २००० साली नोबेल मिळवलं. सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे सुरू होण्याआधी सरकारी अंदाज होता की कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के तिनं जातील. मॅकफॅडनच्या गटानं ६.३ सांगितले. प्रत्यक्षात आले ६.२. आपलं उत्तर काही अंशी चुकीच्या कारणांनी बरोबर आलं, असं त्यानं नंतर स्वतःच सांगितलं. लोक स्टेशनपर्यंत किती चालतील हे त्यानं जास्त धरलं होतं आणि गाडीनं किती येतील हे कमी. आपल्याकडच्या प्रकल्प अहवालांतले प्रवासीसंख्येचे अंदाज वाचताना मला हे आठवतं.

विद्यापीठात हा विषय शिरला तो मोटारींच्या बाजूनं. १९२० च्या दशकात हार्वर्डमध्ये रस्त्यावरच्या रहदारीचा अभ्यास करणारं केंद्र चाललं ते स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या पैशावर. पैसे देणाऱ्याचा प्रश्न साहजिकच ‘गाड्या कशा पळतील’ हा होता. गाड्यांपेक्षा माणसं हलवणं महत्त्वाचं, असं आपल्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात लिहिलं गेलं ते २००६ मध्ये. अभ्यासक्रमांत ते कितपत उतरलं आहे, हे संस्थेगणिक वेगळं.

पवईच्या आयआयटीत सिव्हिल विभागात ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम्स इंजिनीअरिंगचं एमटेक आहे. सुरतच्या एसव्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत या विषयाबरोबर नियोजनही शिकवतात. दिल्लीच्या एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठामध्ये भर नियोजनावर. दिल्ली आयआयटीतला गट रस्ते-अपघातांच्या अभ्यासासाठी ओळखला जातो. वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. पुण्याजवळ भोसरीला १९६७ पासून सीआयआरटी (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट) आहे, जिथं राज्याराज्यांच्या परिवहन महामंडळांची माणसं प्रशिक्षणाला येतात. एमटेकला वाट ‘गेट’ या प्रवेशपरीक्षेतून जाते.

माझं मत विचाराल तर या विषयाला सगळ्यात जास्त गरज संख्याशास्त्रातून आलेल्या मुलांची आहे, आणि बहुतेक दारांवर पाटी सिव्हिलची आहे. नोकऱ्याही बऱ्याचशा सल्लागार कंपन्यांत, मेट्रो आणि महामार्गांचे अहवाल लिहिण्याच्या. बसचं वेळापत्रक सुधारण्याची नोकरी जाहिरातीत क्वचितच दिसते.

ज्याला प्रवेशाआधी चव घ्यायची आहे त्याच्यासाठी जर्मन एरोस्पेस सेंटरचं ‘सुमो’ हे रहदारीचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात बसमार्ग आखता येतो, थांबे ठेवता येतात आणि एका प्रवाशाला चढायला लागणारे सेकंदही टाकता येतात. एक सावधगिरी मात्र हवी: त्यातल्या गाड्या मुळात लेन पाळतात, तेव्हा आपल्या रस्त्यांसाठी रिक्षा आणि दुचाकी कशा घुसतात ते वेगळं सांगावं लागतं. या कामावर लोकांनी पीएचड्या केल्या आहेत.