भाकीत सुधारले म्हणजे कारण सापडले, हा गैरसमज

एका चलाच्या भूतकाळामुळे दुसऱ्याचे भाकीत सुधारते का हे पाहणारी अर्थशास्त्रज्ञ क्लाइव्ह ग्रेंजर यांची १९६९ची कसोटी आणि हीच सुधारणा माहितीच्या एककात (बिटमध्ये) मोजणारी, थॉमस श्रायबर यांनी २००० मध्ये मांडलेली ट्रान्सफर एन्ट्रॉपी यांच्याबद्दल एक समज रूढ आहे: ‘क्ष’च्या भूतकाळामुळे ‘य’चे भाकीत जितके सुधारते, तितकाच ‘क्ष’चा ‘य’वर प्रभाव असतो. हे खरे नाही. नोंदीबाहेरचा चल ‘ज्ञ’ आधी ‘क्ष’वर आणि नंतर ‘य’वर परिणाम करत असेल, तर ‘क्ष’चा ‘य’वर काहीही प्रभाव नसताना भाकीत सुधारते.

उलट बाजू, म्हणजे प्रभाव असूनही भाकीत न सुधारणे, मला अधिक महत्त्वाची वाटते. समजा, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ प्रत्येक क्षणी परस्परांपासून स्वतंत्रपणे, समान संभाव्यतेने ० किंवा १ होतात आणि ती दोन मूल्ये भिन्न असतील तरच पुढच्या क्षणी ‘य’ १ होतो, अन्यथा ०. येथे केवळ ‘क्ष’ आणि ‘य’ ही जोडी पाहिली तर ट्रान्सफर एन्ट्रॉपी शून्य येते. ‘ज्ञ’ विचारात घेतल्यावर मात्र तेच माप १ बिट भरते, म्हणजे ‘य’चे पुढचे मूल्य पूर्णपणे सांगता येते. म्हणून प्रभाव मोजताना बाकीचे यादृच्छिक धक्के (येथे ‘ज्ञ’ची मूल्ये) तसेच ठेवून ‘क्ष’ बाहेरून बदलावा आणि ‘य’ किती बदलतो ते पाहावे; ‘य’चे एकंदर वितरण (० आणि १ किती वेळा येतात ते) तपासणे पुरेसे नाही, कारण वरील प्रणालीत ते हलतच नाही.