फोनवर "दोन किलो" सांगण्याआधी

"बातम्यांत कोंबडी १२० रुपये, मग तुमच्याकडे २२० कशी?" रविवारी सकाळी हा प्रश्न दहा जण तरी विचारतात आणि मागे रांग खोळंबते. म्हणून हे छापून ठेवलंय.

बातमीतला भाव फार्मवरच्या जिवंत कोंबडीचा असतो. पिसं, कातडी, डोकं, पाय, आतडी सगळं धरून. २ किलोची ब्रॉयलर साफ करून स्किनलेस केली की साधारण १ किलो ३०० ग्रॅम चिकन उरतं. म्हणजे १२० च्या भावाने २४० रुपयांची कोंबडी, आणि साफ चिकन किलोला १८५ रुपये इथेच पडलं. गाडीभाडं, कापणाऱ्याची मजुरी, बर्फ, दुकानभाडं त्यापुढे.

घोटाळा होतो तो फोनवर. गेल्या आषाढात एका ताईंनी "तीन किलो ठेवा" सांगितलं. आम्ही जिवंत तीन किलो धरलं, पिशवीत भरलं जेमतेम १ किलो ९५० ग्रॅम. घरी पंधरा पाहुणे! पुन्हा कोंबडी कापून देईपर्यंत अर्धा तास गेला, त्यांचा आणि रांगेतल्या सगळ्यांचा. तेव्हा एवढंच करा : "तीन किलो साफ, स्किनलेस, करी कट" असं पूर्ण सांगा.

भाव रोज का हलतो, हेही विचारतात. पिल्लू चाळीसेक दिवसांत दोन किलोचं होतं, पुढे ठेवलं तर रोजचं खाद्य शेतकऱ्याच्या अंगावर पडतं. माल थांबत नाही. श्रावणात मागणी बसली की भाव पडतो, मका-सोयापेंड महागली की चढतो. धंदा केवढा मोठा आहे पाहा : २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी कोंबड्या-बदकं मोजली गेली. २०२३-२४ मध्ये देशातलं मांस उत्पादन १ कोटी टनांच्या वर गेलं, त्यात जवळपास निम्मं कोंबडीचं. बंगाल आणि उत्तर प्रदेशानंतर मांसात आपलंच राज्य. एवढ्या बाजारात भाव आम्ही ठरवत नाही. रात्री गाडीबरोबर येतो तो सकाळी पाटीवर लिहितो.

कोंबडी तुमच्यासमोर तोलतो, तुमच्यासमोरच कापतो. काट्याकडे जरूर बघा. कलेजी-पेटा त्याच कोंबडीचा देतो, वेगळे पैसे नाहीत. सूपसाठी हाडं हवी असतील तर वेगळी बांधून देतो. रविवारची ऑर्डर शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत द्या, गटारीची दोन दिवस आधी.