चित्रपटचर्चा, ग्रामीण विदर्भातील

नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाविषयी, दूरचित्रवाणीवरील मालिकेविषयी किंवा मोबाइलवरील वेब मालिकेविषयी गावकरी एकमेकांना तोंडी सांगतात ते मत, आणि त्या मताला जोडूनच येणारे कथाकथन, यांना मिळून येथे चित्रपटचर्चा म्हटले आहे. 'कसा आहे?' या प्रश्नाला 'पाहाले हरकत नाही' किंवा 'डोक्शाले ताप' असे एका दमात उत्तर मिळते खरे. परंतु बैठकीला वेळ असेल तर त्यापाठोपाठ अख्खी गोष्टच सांगितली जाते, आणि सांगणारा कोठे रेंगाळला व काय गाळून पुढे गेला यावरून ऐकणाऱ्याने त्याचे खरे मत ओळखायचे असते. शेवट आधीच सांगणे हा शहरी प्रेक्षकाच्या दृष्टीने अपराध असला, तरी येथे अनेकदा तीच अपेक्षा असते. ज्याला चित्रपट पाहायला सवड मिळणार नाही, त्याला निदान गोष्ट तरी पुरी कळावी, असा त्यामागचा साधा हिशेब आहे.

या चर्चेची सवय चित्रपटापेक्षा जुनी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन साधारण होळीपर्यंत चालतो. देसाईगंज अर्थात वडसा हे तिचे प्रमुख केंद्र असून मंडई (दिवाळीनंतरची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) अशा निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके होतात. दुसऱ्या दिवशी, झोप अपुरी असतानाही, कोणाचे गाणे चढले, कोणता विनोद पडला आणि रडवणारा प्रवेश किती लांबला याची चिकित्सा सुरू होते. पुढे चित्रपटालाही हेच माप लागले. आजही या भागात अभिनय तोलताना संवादफेक आणि आवाज यांना जे वजन दिले जाते, त्याचे मूळ कॅमेऱ्यापेक्षा रंगमंचात शोधणे अधिक योग्य ठरेल.

तालुक्याची टॉकीज आणि जत्रेतील तंबू हे दीर्घकाळ चित्रपट पाहण्याचे मार्ग होते. चित्रपट-व्यवसायाच्या नकाशात विदर्भ सी. पी. बेरार (मध्य प्रांत व वऱ्हाड) या वितरणक्षेत्रात मोडतो. त्या नावाचा प्रांत १९५० मध्ये नकाशावरून गेला, पण व्यवसायाने ते नाव सोडलेले नाही. रिळांच्या प्रती मोजक्या असल्यामुळे लहान गावांत चित्रपट उशिरा पोहोचत. साहजिकच नागपूरला किंवा अमरावतीला जाऊन तो आधी पाहून आलेल्याच्या मताला गावात वजन असे, मग ते मत कितीही कच्चे असो.

दूरदर्शनवरील 'रामायण' मालिकेने (१९८७–८८) हे चित्र बदलले. दूरचित्रवाणी संच असलेल्या मोजक्या घरांच्या ओसरीत सारे गाव रविवारी एकाच वेळी एकच भाग पाहू लागले आणि त्यामुळे सोमवारी कोणाला गोष्ट सांगायची गरजच उरली नाही. उरला तो केवळ अभिप्राय. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा एकाच वेळी पाहण्याची ही रीत मोडली. आज एकाच पानठेल्यावर उभ्या असलेल्या चौघांपैकी एकाने मालिका संपवलेली असते, दुसरा तिसऱ्या भागावर असतो, तिसऱ्याने समाजमाध्यमावरील तुकडे तेवढे पाहिलेले असतात आणि चौथ्याने नावही ऐकलेले नसते. अशा वेळी चर्चा पुन्हा शिफारशीकडे आणि कथाकथनाकडे वळते. नव्या साधनाने जुनीच रीत परत आणली, हे या बदलातील सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य होय.

चर्चेची ठिकाणे शेतीच्या कामांनी ठरतात. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक राखण्यासाठी जागल करणारे, तसेच रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे रात्रीच ओलित करावे (पिकाला पाणी द्यावे) लागणारे शेतकरी मोबाइलवर मालिका पाहून वेळ काढतात आणि सकाळी चहाच्या टपरीवर तिची हकिकत सांगतात. निंदणाला किंवा कापूस वेचणीला एका रांगेत चालणाऱ्या बायकांची चर्चा याहून सलग असते, कारण हात गुंतलेले आणि तोंड मोकळे असते. त्यांच्या बोलण्यात मालिकेतील सासू आणि गावातील सासू यांच्यात फार अंतर राहत नाही; पात्राच्या आडून शेजारणीविषयीही बरेच काही बोलून घेता येते. पुरुषांच्या बैठकीतील मतांपेक्षा ही मते अधिक नेमकी असतात, असे म्हणण्यास जागा आहे.

मूल्यमापनाचा मुख्य निकष 'खरं वाटते का' हा आहे. पडद्यावर उन्हाळ्यात हिरवेगार दिसणारे कोरडवाहू शेत, औताला चुकीचे जुंपलेले बैल किंवा वऱ्हाडी बोलीचा केवळ हसवण्यासाठी केलेला वापर लगेच पकडला जातो. २०२० मध्ये आलेली 'पंचायत' ही वेब मालिका उत्तर प्रदेशातील गावाची आहे. परंतु तिच्यातील निवडून आलेल्या प्रधानबाई आणि प्रत्यक्ष कारभार पाहणारे त्यांचे पती हे नाते, महिलांसाठी निम्म्या जागा राखीव असलेल्या महाराष्ट्रातील गावांना परके वाटत नाही. 'शेरनी' (२०२१) या चित्रपटातील वाघिणीच्या शोधाची कथा मध्य प्रदेशात घडते. तथापि २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात नरभक्षक ठरवलेली अवनी वाघीण मारली गेली, त्या परिसरातील प्रेक्षक या चित्रपटाकडे निव्वळ कथा म्हणून पाहू शकत नाही. मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचण्यासाठी जंगलात जाणाऱ्यांना तर वाघाची बाजू आणि माणसाची बाजू यांवरचा वाद चित्रपट संपल्यावरही सरत नाही.

वेब मालिकांतील शिव्या आणि शृंगारदृश्ये यांमुळे चर्चेला वयाची कुंपणे पडली आहेत. कानात इअरफोन घालून एकट्याने पाहिलेल्या मालिकेवर बरोबरीच्या मित्रांमध्येच बोलले जाते. वडीलधारे आले की विषय क्रिकेटवर जातो. हिंदीत भाषांतरित दाक्षिणात्य चित्रपटांना मात्र असे कुंपण नाही. मारामारीचे हे चित्रपट घरातले सारे मिळून पाहतात आणि त्यांच्यावर मोकळेपणाने बोलतात. तेलंगणाच्या सीमेवरील सिरोंचा तालुक्यात तेलुगू बोलणारे पुष्कळ असल्याने तेथे मूळ चित्रपट आणि त्याचे हिंदी रूप अशी तुलनाही करता येते.