ऑफिसचं नेटवर्क डोमेनवर आणि मेल नव्या सर्व्हरवर नेताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दहा-पंधरा कॉम्प्युटरचं ऑफिस बहुधा असं चालतं: अकाउंट्सच्या टेबलावरचा पीसी हाच ‘सर्व्हर’, टॅलीचा डेटा त्यावर, फोल्डर सगळ्यांना खुलं आणि पासवर्ड सगळ्यांना पाठ. कोणी नोकरी सोडून गेलं तरी त्याचा पासवर्ड चालूच राहतो, कारण तो कुठकुठल्या मशीनवर टाकलाय हे कोणालाच आठवत नाही. शिवाय साध्या विंडोज 10 किंवा 11 वरच्या शेअर फोल्डरला एका वेळी 20 च मशीन जोडता येतात.

डोमेन म्हणजे एका सर्व्हरच्या ताब्यात चालणारं ऑफिसचं नेटवर्क. त्यावर गेल्यावर युजर आणि पासवर्ड त्या सर्व्हरवर राहतात. माणूस गेला की त्याचं खातं तिथे बंद करायचं, म्हणजे तो प्रत्येक मशीनवर बंद. मात्र चार-पाच कॉम्प्युटरच असतील तर आम्ही हे सुचवत नाही. सर्व्हर, लायसन्स, यूपीएस हा खर्च वसूल होत नाही.

विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही, प्रो लागते. दुकानातून घाईत घेतलेला लॅपटॉप बहुतेकदा होमचाच निघतो. विंडोज सर्व्हरची इसेन्शियल्स आवृत्ती 25 युजरपर्यंत चालते आणि तिला माणशी वेगळं लायसन्स लागत नाही, स्टँडर्डला लागतं. कोटेशनमध्ये ही ओळ तपासा, आमच्या कोटेशनमध्येसुद्धा.

जोडणीच्या दिवशी काय होतं

मशीन डोमेनला जोडून नव्या नावाने लॉगिन केलं की डेस्कटॉप रिकामा दिसतो. फाइली, शॉर्टकट, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काहीच दिसत नाही आणि ऑफिसात एकच गोंधळ उडतो. काहीही उडालेलं नसतं. विंडोजने नव्या युजरसाठी नवं प्रोफाइल उघडलेलं असतं, जुनं तिथेच असतं. जुन्यातला मजकूर नव्यात आणणं हेच या कामातलं सगळ्यात वेळखाऊ काम आहे. ब्राउझरचे पासवर्ड मात्र फाइली कॉपी करून येत नाहीत, ते आधी वेगळे काढून ठेवावे लागतात. प्रिंटर आणि डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन नव्या लॉगिनमधून चालवून बघितल्याशिवाय आम्ही ते मशीन ‘झालं’ म्हणत नाही.

त्यानंतरच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत सापडतं. प्रत्येक मशीनचा डीएनएस आपल्या सर्व्हरकडेच हवा. इंटरनेट हळू वाटलं म्हणून कोणी तिथे गूगलच्या डीएनएसचं 8.8.8.8 टाकलं, तर वेबसाइट उघडतात पण शेअर फोल्डर आणि लॉगिन अडतात. तसंच मशीनचं घड्याळ सर्व्हरपेक्षा पाच मिनिटांहून जास्त पुढे-मागे गेलं की सर्व्हर लॉगिन नाकारतो. जुन्या पीसीचा बॅटरी सेल संपला असेल तर तो आधी बदला.

ऑफिसच्या आतल्या डोमेनला वेबसाइटचंच नाव देऊ नका. दिलं तर ऑफिसातून स्वतःचीच वेबसाइट उघडेनाशी होते. आम्ही त्याच नावापुढे ‘एडी’ आणि टिंब लावून पोटनाव घेतो.

मेल सर्व्हर ऑफिसात नको

डोमेनचा सर्व्हर ऑफिसात ठेवा, मेलचा बाहेर भाड्याने घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो 25 नंबरचा पोर्ट साध्या ब्रॉडबँडवर बहुधा बंद असतो. स्थिर आयपी घेतला तरी त्याची उलटी डीएनएस नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) इंटरनेटवाल्याकडून करून घ्यावी लागते, नाहीतर आपले मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातात. वर पुण्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते ती वेगळीच. ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर एक्स्चेंज 2016 किंवा 2019 चालू आहे त्यांनी तर थांबूच नये. दोन्हींचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

मेल हलवताना आम्ही एमएक्स नोंदीचा (मेल कोणत्या सर्व्हरवर द्यायचे हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदीचा) टीटीएल, म्हणजे इतरांनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, एक-दोन दिवस आधीच 300 सेकंदांवर आणतो, म्हणजे बदल लवकर पसरतो. जुनी मेलसेवा मात्र लगेच बंद करू नका, आठवडाभर तरी राहू द्या. पॉप पद्धतीने उतरवलेले जुने मेल बहुधा त्या एका कॉम्प्युटरवरच असतात, सर्व्हरवर नसतात. ते मेल साठवणारी आउटलुकची पीएसटी फाइल हातात येईपर्यंत तो पीसी फॉरमॅट करू नये.

एसपीएफ (आपल्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्यांची यादी) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही तपासायची किल्ली) या डीएनएस नोंदी आता ऐच्छिक राहिलेल्या नाहीत. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू पाठवणाऱ्याकडे निदान एक तरी मागतात, जास्त मेल पाठवणाऱ्यांकडे दोन्ही आणि वर डीमार्क, म्हणजे या तपासणीत न बसलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद. एसपीएफची नोंद एकच असते; नव्या सेवेसाठी दुसरी टाकली की दोन्ही निकामी होतात. स्कॅन करून मेल पाठवणारं झेरॉक्स मशीन, टॅलीतून जाणारी बिलं आणि वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म हेही मेल पाठवतात, आणि यादी करताना नेमके तेच राहून जातात.

आम्ही येण्याआधी

वेबसाइट आणि मेलचं डोमेन नाव कोणाच्या नावावर आहे ते बघा. ते वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खात्यात असेल तर आधी आपल्या नावावर करून घ्या. तोवर आम्ही कामाला हात लावत नाही. महिन्याची 7, 11 आणि 20 तारीख टीडीएस आणि जीएसटीची, तिच्या आसपासचा दिवस आम्ही घेत नाही, मार्चअखेर तर नाहीच. शनिवारी संध्याकाळी सुरू करून सोमवारी सकाळी आमचा माणूस ऑफिसात बसवतो. टॅलीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क त्या दिवशी घरी न्या. काम संपल्यावर सर्व्हरचा मुख्य पासवर्ड आम्ही बंद पाकिटात देतो. तो तिजोरीत ठेवा, आणि पुढे आमच्याऐवजी दुसऱ्या कोणाला काम दिलंत तर बिनधास्त बदला.