संपातचलन

संपातचलन (परांचन, अयनचलन) : पृथ्वीचा परिवलनाक्ष अवकाशात एकाच दिशेला रोखलेला राहत नाही. क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या आकाशातील वार्षिक भासमान मार्गाच्या) ध्रुवाभोवती, म्हणजे कदंबाभोवती, तो सुमारे २५,८०० वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. अक्षाबरोबर विषुववृत्ताचे प्रतलही फिरते. त्यामुळे विषुववृत्त आणि क्रांतिवृत्त जेथे छेदतात ते वसंतसंपात व शरदसंपात हे बिंदू ताऱ्यांच्या संदर्भात दरवर्षी सुमारे ५०.२९ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग; ६० विकलांची एक कला) पश्चिमेकडे सरकतात. जुन्या ग्रंथांत हेच सरकणे अयनबिंदूंच्या (उत्तरायण व दक्षिणायन जेथे सुरू होते त्या बिंदूंच्या) संदर्भात सांगितले आहे, म्हणून अयनचलन हे नाव. संपात व अयनबिंदू परस्परांपासून ९० अंशांवर असल्याने दोहोंची गती एकच.

कारण : पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१.४ किमी. जास्त आहे. विषुववृत्तावरचा हा फुगवटा क्रांतिवृत्ताशी सुमारे २३.४ अंश कललेला असतो. त्याचा जवळचा भाग सूर्य-चंद्र अधिक जोराने ओढतात, दूरचा कमी जोराने, आणि अक्ष सरळ उभा करू पाहणारे पीळबल तयार होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने अक्ष सरळ होत नाही, बलाच्या काटकोनात सरकतो. भोवऱ्याशी तुलना नेहमी केली जाते, मात्र त्यात एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. गुरुत्व भोवऱ्याला पाडू पाहते, म्हणून त्याचा अक्ष भोवऱ्याच्याच दिशेने घुमतो; पृथ्वीचा अक्ष उलट दिशेने घुमतो. वार्षिक गतीपैकी चंद्राचा वाटा सुमारे ३४ विकला व सूर्याचा सुमारे १६ विकला. सूर्याचे पीळबल संपातदिनी शून्य होते व अयनदिनी सर्वाधिक असते, म्हणजे ५०.२९ ही सरासरी गती आहे. चंद्राच्या पातबिंदूंच्या (त्याची कक्षा क्रांतिवृत्ताला छेदते त्या बिंदूंच्या) १८.६ वर्षांच्या फेरीमुळे या सरासरीवर एक लहान हेलकावा चढतो. त्याला अक्षांदोलन म्हणतात; भोगातील (क्रांतिवृत्तावर वसंतसंपातापासून मोजलेल्या अंतरातील) त्याचा मोठ्यात मोठा परिणाम सुमारे १७ विकला. न्यूटनने १६८७ मध्ये संपातचलनाचे कारण बरोबर सांगितले, पण त्याच्या गणितात दोष होते. निर्दोष उपपत्ती दालाँबेरने १७४९ मध्ये दिली.

शोध : हे श्रेय सामान्यतः इ. स. पू. दुसऱ्या शतकातील हिपार्कसला देतात. टिमोकॅरिस या आधीच्या ग्रीक निरीक्षकाच्या काळी चित्रा तारा शरदसंपाताच्या सुमारे ८ अंश पश्चिमेस होता, हिपार्कसला तो सुमारे ६ अंशांवर आढळला. या फरकावरून त्याने शतकाला निदान एक अंश अशी गती काढल्याचे टॉलेमी सांगतो. बाबिलोनी ज्योतिषांना ही गती आधीच माहीत होती, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुचवले गेले होते; ते मत आता सहसा स्वीकारले जात नाही. अल्-बत्तानीने ६६ वर्षांस एक अंश हे बरेच सुधारलेले मान दिले.

भारतीय परंपरा : वेदांगज्योतिषात उत्तरायणारंभ धनिष्ठारंभी व दक्षिणायनारंभ आश्लेषार्धी सांगितला आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिर बृहत्संहितेत याची नोंद घेतो आणि आपल्या काळी ही अयने मकरारंभी व कर्कारंभी होतात असे सांगतो. दोहोंतले अंतर २३ अंश २० कला भरते. वराहमिहिराला फरक दिसला होता हे यातून स्पष्ट होते, पण त्याची नियमित गती त्याने दिलेली नाही. या स्थितीवरून वेदांगज्योतिषाचा काळ इ. स. पू. १४०० च्या आसपास धरण्याची प्रथा आहे; भारतीय ज्योतिषाचे इतिहासकार शं. बा. दीक्षित यांनीही तो तसाच धरला. ही तारीख सावधपणे वापरावी. अयनदिन ठरवण्यात एका दिवसाची चूक झाली तर सुमारे ७२ वर्षांचा फरक पडतो, आणि धनिष्ठा विभागाचा आरंभ नेमका कोठे धरत, हेही निश्चित नाही. शिवाय ग्रंथाची भाषा बरीच नंतरची आहे, म्हणून वेध जुना व ग्रंथ नवा असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मृगशीर्षातील वसंतसंपातावरून लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये वेदकाल इ. स. पू. ४००० च्या सुमारास नेला. जर्मन पंडित याकोबीही स्वतंत्रपणे जवळपास त्याच निष्कर्षाला आला. व्हिटनी व थीबो या संस्कृत पंडितांनी तो मान्य केला नाही.

सूर्यसिद्धांतात संपाताची पूर्ण प्रदक्षिणा नाही, आंदोलन आहे : शून्यापासून दोन्ही बाजूंस २७ अंशांपर्यंत. येथे एका अक्षराने मोठा वाद उभा केला. प्रचलित पाठ ‘त्रिंशत्कृत्यः’, म्हणजे तीस विसा, महायुगात ६०० आंदोलने. ४३,२०,००० वर्षांना ६०० ने भागले तर एक आंदोलन ७,२०० वर्षांचे होते. त्यात १०८ अंश (२७ च्या चौपट) चालायचे, म्हणून गती वर्षाला ५४ विकला. भास्कराचार्य मात्र सूर्यसिद्धांताच्या नावावर कल्पात (१,००० महायुगांत) ३०,००० भगण (पूर्ण फेऱ्या), म्हणजे महायुगात तीस, असे सांगतात; हे ‘त्रिंशत्कृत्वः’ (तीस वेळा) या पाठाशी जुळते. ते पूर्ण भगण धरले तर गती वर्षाला अवघी ९ विकला येते, आणि कोणत्याही वेधाशी तिचा मेळ बसत नाही. ६०० चा पाठ गणिताला धरून आहे. तथापि हे श्लोक मूळ ग्रंथात मागाहून आले असावेत, ही शंकाही निराधार नाही. भास्कराचार्यांनीच उल्लेखिलेले मुंजाल या ज्योतिषाचे मान कल्पात १,९९,६६९ भगण आहे, म्हणजे वर्षाला सुमारे ५९.९ विकला. गती थोडी जास्त असली तरी ही खरी प्रदक्षिणा आहे, हे तिचे महत्त्व.

महाराष्ट्रात चारशेहून अधिक वर्षे पंचांगे ज्याच्या आधारे होत, त्या गणेश दैवज्ञाच्या ग्रहलाघवाने (शके १४४२) वर्षाला एक कला हे सोपे मान घेतले. रीत अशी : शकातून ४४४ वजा करावे, बाकीला ६० ने भागावे, भागाकार म्हणजे अयनांश (संपात किती सरकला ते अंशांत). शके १९४७ ला १५०३ उरतात व २५ अंश ३ कला येतात. सूर्यसिद्धांताच्या रीतीने, शके ४२१ पासून ५४ विकलांनी, त्याच वर्षी २२ अंश ५३ कला येतात.

अयनांशवाद : वसंतसंपातापासून निरयन (ताऱ्यांशी जखडलेल्या) राशिचक्राच्या आरंभापर्यंतचे अंतर म्हणजे अयनांश. वेधसाधने सुधारली तशी गती निश्चित झाली; तिच्याबद्दल आता वाद नाही. वाद आहे तो आरंभबिंदूचा. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ मध्ये सुरू केलेल्या पटवर्धनी पंचांगात रेवतीची योगतारा (नक्षत्राची मुख्य खूण मानलेला तारा, झीटा पिशियम) आरंभी धरली. टिळक पंचांगही त्याच पक्षाचे. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा तारा १८० अंशांवर मानणारा पक्ष उचलून धरला. सूर्यसिद्धांतात चित्रेचा ध्रुवक (खगोलीय ध्रुवातून ताऱ्याकडे जाणारी रेषा क्रांतिवृत्ताला छेदते त्या बिंदूचे स्थान) १८० अंश व रेवतीचा ३५९ अंश ५० कला आहे, म्हणून दोन्ही पक्षांना एकाच ग्रंथात आधार सापडतो. आकाशात मात्र रेवतीपासून चित्रेपर्यंतचे भोगांतर जवळजवळ १८४ अंश आहे. दोन्ही ध्रुवक एकदम खरे ठरत नाहीत. ध्रुवक म्हणजे क्रांतिवृत्तीय भोग नव्हे हे खरे. पण चित्रेचा शर (क्रांतिवृत्तापासूनचे अंतर) फक्त २ अंश दक्षिण असल्याने दोहोंतला फरक एका अंशाच्या आत राहतो आणि चार अंशांची दरी तशीच उरते. कितीही सूक्ष्म वेध घेतले तरी या प्रश्नाचा निकाल लागणार नाही, कारण आरंभबिंदू हा आकाशात सापडणारा पदार्थ नाही, तो ठरवून घ्यायचा असतो. दीक्षितांनी सायन (वसंतसंपातापासून मोजण्याच्या) मानाचा पुरस्कार केला त्यामागे हीच अडचण होती, आणि तर्काच्या दृष्टीने त्यांची बाजू भक्कम आहे.

चार अंशांचा परिणाम घरापर्यंत पोचतो. टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते, इतरांची १४ किंवा १५ जानेवारीला. संक्रांत अमावास्येच्या अलीकडे पडते की पलीकडे यावर अधिकमास ठरतो, म्हणून काही वर्षी तो दोन पंचांगांत वेगळा येतो आणि सण महिन्याने मागेपुढे होतात. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने (१९५२–५५, नागपूरचे के. ल. दप्तरी व पुण्याचे ज. स. करंदीकर हे सदस्य) चित्रापक्ष घेतला. २१ मार्च १९५६ चे अयनांश २३ अंश १५ कला धरले. २०२५ मध्ये ते सुमारे २४ अंश १२ कला होतात. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका मात्र सायन आहे.

सायन वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे, नाक्षत्र वर्ष ३६५.२५६४ दिवसांचे, फरक सुमारे २० मिनिटे २४ सेकंद. त्यामुळे निरयन मकरसंक्रांत सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाने पुढे जाते. दरवर्षी सहा तास पुढे व लीप वर्षी मागे, हा छोटा झोका त्यात मिसळल्याने १४ आणि १५ तारखा काही काळ आलटूनपालटून येतात. उत्तरायण या दिवशी सुरू होत नाही. ते २१ किंवा २२ डिसेंबरलाच सुरू झालेले असते.

गणित : ताऱ्याच्या विषुवांशातील (विषुववृत्तावर वसंतसंपातापासून पूर्वेकडे मोजलेल्या अंतरातील) वार्षिक बदल काढण्यासाठी विषुवांशाची ज्या (साइन) व क्रांतीची (विषुववृत्तापासूनच्या उत्तर-दक्षिण अंतराची) स्पर्शज्या (टॅन) यांच्या गुणाकाराला १.३३६ सेकंदांनी गुणून ३.०७५ सेकंद मिळवावेत. क्रांतीतील बदल म्हणजे विषुवांशाची कोज्या (कोसाइन) गुणिले २०.०४ विकला. चित्रेचे २००० सालचे स्थान : विषुवांश १३ तास २५ मि. ११.६ से., क्रांती दक्षिण ११ अंश ९ कला ४१ विकला. येथे वार्षिक बदल ३.१७ सेकंद व दक्षिणेकडे १८.७ विकला येतो. २५ वर्षांत १ मि. १९ से. व सुमारे ७ कला ४७ विकला. म्हणून २०२५ चे स्थान १३ तास २६ मि. ३१ से., दक्षिण ११ अंश १७ कला २८ विकला.

हे सूत्र ध्रुवाजवळ चालत नाही. स्पर्शज्या तेथे झपाट्याने वाढते व बदलाची गतीच वर्षागणिक बदलते. ध्रुवताऱ्यासाठी आणि शतकापलीकडच्या कालांतरासाठी तीन कोनांचे पूर्ण परिवर्तन वापरावे (शतकाला सुमारे २३०६, २००४ व २३०६ विकला). नेहमी होणारी चूक वेगळीच असते : २००० सालचे सहनिर्देशक चालू दिनांकाचे समजून दुर्बिणीला देणे. २५ वर्षांत भोगात २१ कला साचतात, म्हणजे चंद्रबिंबाच्या दोनतृतीयांश. मोठ्या वर्धनाला तारा दृष्टिक्षेत्रातच येत नाही. संगणक-प्रणालीने दुरुस्ती केलेली असताना हाताने पुन्हा केली तर तेवढीच चूक उलट बाजूला होते. अयनांश तुलनेला घेताना ते मध्यम आहेत की अक्षांदोलनासह स्पष्ट आहेत, हे आधी पाहावे.

ध्रुवतारे : इ. स. पू. २८०० च्या सुमारास कालेय तारकासमूहातील थुबान खगोलीय ध्रुवाजवळ होता. आजचा ध्रुवतारा २१०० च्या आसपास ध्रुवाच्या सर्वांत जवळ, अर्ध्या अंशाच्या आत येईल. सुमारे १२,००० वर्षांनी अभिजित त्या भागात येईल, पण ध्रुवापासून चारपाच अंश दूरच राहील.

मंगळाच्या अक्षाची अशीच फेरी सुमारे १,७०,००० वर्षांची आहे.