चौकात माणसे न्याहाळणे

सार्वजनिक चौकात किंवा पटांगणात, काही काम नसताना, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत बसण्याचा विरंगुळा. बसायला जागा आणि हाताशी दोन घटका असल्या की एवढ्यावर तो भागतो. यात पाळत ठेवण्याचा हेतू नसतो आणि ओळख काढण्याचाही नसतो. बघे जमतात ते काहीतरी घडले म्हणून. इथे काहीही घडत नसताना पाहायचे असते. उन्हाळ्यातली संध्याकाळ हा त्याचा खरा हंगाम.

दिवसभर तापलेली फरसबंदी ऊन उतरल्यावरही बराच वेळ धग सोडत राहते. पण घराच्या भिंतीही तेवढ्याच तापलेल्या असतात आणि बाहेर निदान वारा तरी असतो. म्हणून माणसे बाहेर पडतात, आणि सावलीच्या मागे सरकत राहतात. इटलीतील सिएना शहराच्या पियात्सा देल काम्पो या शिंपल्याच्या आकाराच्या उतरत्या चौकात दिवसा मनोऱ्याची लांब सावली विटांच्या जमिनीवर पडते. भर उन्हाळ्यात लोक त्या अरुंद पट्ट्यात दाटीने बसतात आणि सावली सरकली की तेही सरकतात. सायंकाळी ही शिस्त मोडते, सारा चौकच बसायला मोकळा होतो. हा वेळ किती पुरेल ते अक्षांशावर ठरते. विषुववृत्ताजवळ सूर्यास्तानंतरचा उजेड वीस-पंचवीस मिनिटांत विझतो, तर डेन्मार्कसारख्या देशात जूनमध्ये तो तासाभराच्या घरात जातो.

काही समाजांत या पाहण्याला रीतसर रूप आले आहे. इटलीतील संध्याकाळचा फेरफटका ‘पास्सेज्जाता’ म्हणून ओळखला जातो, स्पेनमध्ये ‘पासेओ’, ग्रीसमध्ये ‘व्होल्टा’. ठरावीक अंतर पुन्हापुन्हा चालायचे. पोचायचे कुठेच नसते. चालणारा दाखवायला आलेला आणि बसलेला पाहायला आलेला, अशी वाटणी वरवरची आहे, कारण पुढच्या फेरीला जागा बदलतात. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५७३ मध्ये अमेरिकेतील वसाहतींसाठी काढलेल्या नगररचनेच्या आदेशांत मुख्य चौकाची लांबी रुंदीच्या किमान दीडपट असावी असे म्हटले होते, कारण घोड्यांसह होणाऱ्या उत्सवांना असा आकार सोयीचा. थोडक्यात, चौक आखतानाच तमाशाची सोय धरलेली होती.

पाहणाऱ्यांचाच पद्धतशीर अभ्यास शहरी जीवनाचे अमेरिकी अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० नंतर न्यूयॉर्कमध्ये केला. १९६१ च्या नियमांनुसार तिथे इमारतीपुढे चौक सोडणाऱ्याला जादा मजले बांधता येत. चौक झाले, पण त्यातले कितीतरी ओस पडलेले. काही मात्र गजबजलेले. असे का, हे शोधायला व्हाइट यांनी कॅमेरे लावले आणि माणसे मोजली. उन्हाचा, चौकाच्या आकाराचा, शोभिवंतपणाचा हिशेब जुळेना. उत्तर निघाले ते हसू येईल इतके साधे : जिथे बसता येते, तिथे लोक बसतात. एक ते तीन फूट उंचीची कुठलीही कड त्यांना चालते. पायरी काय, कठडा काय. १९७५ मध्ये शहराने नियम बदलून चौकाच्या दर तीस चौरस फुटांमागे एक फूट बैठक सक्तीची केली.

त्यांच्या नोंदींतली सर्वांत गोड नोंद सुट्या खुर्च्यांची आहे. माणूस खुर्चीपाशी येतो, ती दोन-चार इंच इकडे नाहीतर तिकडे ढकलतो, आणि मग बसतो. कित्येकदा खुर्ची जवळजवळ पहिल्याच जागी येते. हलवून काही साधत नाही, पण जागा आता आपली झालेली असते. शिवाय शेजाऱ्याला न दुखावता अंतर राखल्याचेही कळवून होते. कुणीही एका संध्याकाळी बसून हे पडताळून पाहावे. आणखी एक : ओळखीचे दोघे भेटले की बोलण्यासाठी बाजूला होतील असे वाटते, पण ते नेमके वाहत्या गर्दीच्या मधोमध थांबतात. निरोप घेऊन पुन्हा तिथेच अर्धा तास उभे राहतात ते वेगळे. बसणाऱ्यांचे मात्र उलट. त्यांना कड हवी, पाठीशी भिंत हवी आणि समोर सगळे मोकळे.

पाहण्याचेही शिष्टाचार आहेत. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये त्यांचे वर्णन केले. समोरून येणाऱ्याकडे सुमारे आठ फुटांपर्यंत सहज नजर टाकायची आणि तो जवळ येताच ती खाली वळवायची, जणू समोरासमोर आलेल्या गाड्यांनी दिवे मंद करावेत. तू दिसलास, पण तुझ्यापासून मला काही नको, एवढा निरोप त्यात असतो. टक लावणे हा अपमान. मुद्दाम न पाहणे हाही. लहान मुलांना आणि कुत्र्यांना या नियमांतून सूट असते आणि त्यांच्या निमित्ताने मोठ्यांचे बोलणेही सुरू होते. काळा चष्मा लावून बसणारा चोरटेपणा करतो असे काहींना वाटते, पण उन्हाळ्यात त्याला तेवढी सबब असते. फोन वर करून अनोळखी माणसाचे चित्रण करणे मात्र या प्रकारात मोडत नाही. नजर विरून जाते, चित्र राहते.

आपण अदृश्य आहोत असा भ्रम पाहणाऱ्याला लवकरच होतो. डॅनिश वास्तुविशारद यान गेल १९६५ मध्ये इटलीतील चौकांमध्ये माणसे कुठे थांबतात, कुठे बसतात याच्या नोंदी घेत हिंडत होते. आस्कोली पिचेनो गावात त्यांचे हे टिपण चालू असताना एका वृत्तपत्राने त्यांचेच छायाचित्र टिपून छापले.