उथळ पाण्याचा दर्यासारंग

जून १६६७. मिखिल डी रॉयटरचं डच आरमार टेम्सच्या मुखातून मेडवे नदीत घुसलं, जिलिंगहॅमपाशी पात्रात आडवी टाकलेली लोखंडी साखळी तोडली आणि इंग्रजांचं मानाचं जहाज ‘रॉयल चार्ल्स’ काबीज केलं. पण हे धूड न्यायचं कसं? डचांनी ते चक्क एका कुशीवर कलंडवलं आणि तसंच बाहेर काढलं. इंग्रज नौदलाच्या कचेरीतल्या सॅम्युअल पीप्सने रोजनिशीत नोंदवलंय, की तसल्या ओहोटीत आणि वाऱ्यात मेडवेकाठच्या चॅटमचा निष्णात वाटाड्याही हे अंगावर घेता ना.

यामागे साधी भूमिती आहे. इंग्रजांची मोठी जहाजं तळाकडे निमुळती. जहाज सरळ उभं असताना तळाचा कणा सर्वांत खोल असतो. कलंडलं की तो तिरपा होऊन वर येतो आणि जहाजाला कमी पाणी पुरतं. सपाट तळाच्या जहाजाला ही युक्ती उलटी पडते, कारण त्याची कड आणखी खाली जाते.

आणि डचांची स्वतःची जहाजं होती सपाट तळाचीच! ऱ्हाईन, मास, स्केल्ट या नद्यांच्या गाळामुळे त्यांचा किनारा उथळ, वाळूच्या दांड्यांनी भरलेला. खोल तळाचं जहाज तिथे रुततं. अर्थात सपाट तळाची किंमत मोजावी लागते. पाण्यात धरून ठेवणारा भाग कमी, त्यामुळे वारा आडवा आला की जहाज बाजूला वाहवतं.

या मोहिमेचा सेनापती मिखिल डी रॉयटर. जन्म १६०७, झीलंड प्रांतातल्या फ्लिसिंगेन बंदरात. लहानपणी दोरखंडाच्या कारखान्यात चाक फिरवायचा, अकराव्या वर्षी जहाजावर गेला. पुढे व्हेलच्या शिकारीची जहाजं, व्यापार, मग आरमार. घराण्याच्या नावावर चढलेला हा माणूस नव्हे.

त्याची खरी करामत मला मेडवेपेक्षा १६७३ मध्ये दिसते. आदल्या वर्षी फ्रेंच फौजा देशात घुसलेल्या, समुद्रावर इंग्रज आणि फ्रेंच एकत्र, जहाजं त्यांची जास्त. डी रॉयटरने स्केल्टच्या मुखाजवळ स्कोनेवेल्ट इथे, वाळूच्या दांड्यांच्या आडोशाला नांगर टाकला. शत्रूला वेढा घालायला जागाच नाही; पुढे सरकलं तर रुतण्याची धास्ती. संधी दिसली की हा बाहेर पडून तडाखा द्यायचा आणि परत आत. जूनमध्ये दोनदा हेच झालं. ऑगस्टमध्ये टेक्सेल बेटाजवळ तिसरी लढाई झाली आणि शत्रूचा समुद्रमार्गे स्वारीचा बेत बारगळला.

‘रॉयल चार्ल्स’ मात्र डचांच्या उथळ पाण्यात निरुपयोगीच ठरलं. हेलवुटस्लाऊस बंदरात लोक ते बघायला यायचे. १६७३ मध्ये मोडीत निघालं.

१६७५ मध्ये डी रॉयटरला अपुऱ्या ताफ्यानिशी भूमध्य समुद्रात धाडलं. सिसिलीतल्या ऑगस्टाजवळ २२ एप्रिल १६७६ला तोफगोळ्याने त्याच्या डाव्या पावलाचा बराच भाग उडवला, उजव्या पायाचं हाड मोडलं. जखमेतला जंतुसंसर्ग कसा रोखावा हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ताप चढत गेला आणि आठवडाभरात, २९ एप्रिलला, सिराक्यूजच्या उपसागरात तो गेला.